तक्रारीचा टाळ



बीडहून सोलापूरकडे निघाले की पालीच्या पुढे घाट लागतो. तो चढून वर आले की बालाघाटाच्या माथ्यावर मांजरसुंब्याचा चौक येतो. एक रस्ता मागे बीडला, एक पुढे चौसाळ्यावरून सोलापूरला, एक पाटोद्याकडे आणि एक केजवरून अंबाजोगाईला. जवळच कपिलधारेस मन्मथस्वामींची समाधी आहे. खानदेशातून निघालेली श्रीमुक्ताबाईंची पालखी बीडचा मुक्काम करून याच वाटेने पंढरीस जाते. लहानमोठ्या गावच्या दिंड्याही येथूनच पुढे होतात. घाट चढून दमलेला वारकरी या चौकात घोटभर चहा घेतो, पायाची बोटं चोळतो आणि पुढचा मुक्काम किती कोस राहिला ते विचारतो.

सन २०२२ च्या आषाढात आम्ही या चौकात उभे होतो. दोन वर्षांच्या खंडानंतर पायी वारी प्रथमच चालली होती. टाळमृदंगाचा गजर, फुगड्या, उराउरी भेटी, सगळीकडे आनंदीआनंद! पण हॉटेलच्या कडेला एक वृद्ध माउली एकटीच बसली होती. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, तुळस बाजूला ठेवलेली. तोंड पंढरीच्या रस्त्याकडे नव्हते. केजच्या रस्त्याकडे होते.

आम्ही म्हणालो, "माउली, दिंडी निघाली. चलायचं ना?"

"येते की. पाय चालत्यात, महाराज. तोंड चालत नाही."

"म्हणजे हो काय?"

"सव्वा साल झालं, तोंडातून इठ्ठल निघंना. लेकाला ह्याच रस्त्यानं नेलं, अंबाजोगाईला. गाडीत बसताना म्हणला, आये, चार दिसांत येतो. मग फोनच आला. तोंड बी पाहू दिलं नाही. घरचे म्हणत्यात, झालं गेलं इसर, भजनाला जात जा. जाते अन् गप बसते. माळकरणीनं देवावर रुसणं बरं दिसतं का? पाप लागंल ना मला?"

वाचकहो, खरे सांगतो, त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. 'प्रारब्ध आहे, बाई' हे वाक्य ओठावर आले होते. ते गिळले, एवढेच आमच्या हातून बरे झाले. त्या माउलीची तुळस उचलून तिच्या हाती दिली आणि तिच्याबरोबर मुकाट्याने चार पावले चाललो. तिच्या प्रश्नाचे उत्तर मागाहून सापडले. ते आपल्या संप्रदायात पहिल्यापासून होतेच, आमचे तिकडे लक्ष नव्हते. तोच आजचा पाठ होय.

शंका

प्रश्न त्या एका माउलीचा नाही. महामारी आली आणि गेली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले की जगावरील आणीबाणी संपली. कागदावर साथ संपली. मनातली संपली काय?

त्या दोन वर्षांत काय काय झाले ते एकदा आठवू. १७ मार्च २०२० रोजी पंढरीच्या मंदिराचे दार भाविकांसाठी मिटले. त्या वर्षी ३० जूनला मानाच्या पालख्यांच्या पादुका एस.टी.च्या मोटारीत बसून, मोजक्या मंडळींसह पंढरीस गेल्या. १ जुलैच्या एकादशीला पंढरपुरात संचारबंदी होती. २०२१ सालीही मानाच्या सोहळ्यांनी मोटारीनेच वारी पोहोचती केली. पांडुरंगाच्या पायांवर डोके ठेवण्याचे सुख २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला परत मिळाले. ज्या संप्रदायात लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, तेथे दोन वर्षे माणसाने माणसाला शिवायचे नाही!

आपल्या बीड जिल्ह्याची आणखी एक कहाणी. ऊसतोडीला गेलेली हजारो कुटुंबे टाळेबंदीत कारखान्यांच्या फडावर अडकून पडली. घरी परतण्याची परवानगी त्यांना १७ एप्रिल २०२० ला मिळाली. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली, तेव्हा मांजरसुंब्याच्या याच चौकातून केजच्या रस्त्याला रुग्णवाहिका धावल्या. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून २२ देह स्मशानात नेण्यात आले. ही गोष्ट जिल्हा विसरलेला नाही, आणि ज्या घरचे ते होते ती घरे तर कधीच विसरणार नाहीत.

मग आता कोणाला झोप लागत नाही. कोणाला रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला की छातीत धडधड होते. कोणी गर्दीत येईनासा झाला. पूर्वी सप्ताहात पुढे असणारा गडी आता पडवीतच बसून असतो. कोणाला दवाखान्याच्या कर्जाची लाज वाटते. कोणी बाटलीला जवळ केले. एखाद्याला आजारातून उठूनही महिनोन्महिने थकवा राहिला आणि घरचे त्याला आळशी म्हणू लागले. 'मीच आजार घरात आणला, माझ्यामुळेच बाप गेला,' असे काही जण मनात धरून बसले आहेत. संकट टळले तरी देह आपला पहारा लगेच सोडत नाही. ज्या खळ्यावर एकदा चोरी झाली, तेथील राखणदार पान हलले तरी दचकून उठतो, तसे हे आहे. याला कोणी श्रद्धेची उणीव म्हणू नये.

समाजआरतीचा दाखला

आता उत्तराकडे वळू. आळंदीहून निघणाऱ्या श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या सोहळ्यात संध्याकाळी पालखी तळावर पोहोचली की समाजआरती होते. सर्व दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार आपला दंड उंच करतात आणि तो अफाट समुदाय क्षणात शांत होतो. ज्यांनी ही शांतता एकदा अनुभवली, त्यांच्या अंगावर आजही काटा उभा राहतो.

पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, वाटेत तिच्यावर अन्याय झाला असेल, तर ती दिंडी टाळ थांबवीत नाही. लाखोंच्या शांततेत तिचा टाळ वाजतच राहतो. मग चोपदार तेथे जातात, काय झाले ते विचारतात, ऐकून घेतात आणि तिचे समाधान करतात. त्यानंतर हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. मग उद्या पहाटे किती वाजता निघायचे ती वेळ जाहीर होते. आणि मग आरती!

पाहा, आपल्या वडीलधाऱ्यांनी केवढी शहाणी रीत घालून दिली आहे. आधी तक्रार, मग हरवले-सापडले, मग उद्याची वेळ. तक्रार मनात दाबून केलेली आरती त्यांना नको होती. माउलींच्या समोर, माउलींच्या अंगणातच तक्रारीला जागा ठेवली. दिवसभर चालून शिणलेल्या समाजाचे मन रोजच्या रोज मोकळे करण्याची ही व्यवस्था आहे. साथीने शिणलेल्या मनालाही हीच तीन पावले टाकावयाची आहेत.

पहिले पाऊल : टाळ थांबवू नका

दुःख झाले ते बोलावे. देवावर रुसवा आला असेल तर तो देवालाच सांगावा. रुसायचे तरी कोणावर? परक्यावर कोणी रुसत नाही. नामदेवराय विठ्ठलाशी किती भांडले, जनाबाईंनी त्याला काय काय सुनावले, हे गाथा वाचणारांस सांगावयास नको. भांडणाने त्यांची भक्ती उणी झाली असे कोणी म्हणाले नाही.

इ. स. १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीस, माउलींनी आळंदीस समाधी घेतली. त्या प्रसंगाचे अभंग नामदेवरायांनी लिहून ठेवले आहेत. त्यांत काय दिसते? सगळे संत रडताना दिसतात. निवृत्तिनाथ तर माउलींचे बंधू आणि गुरू, पूर्ण ज्ञानी. त्यांचेही मन त्या वेळी आवरले नाही, असे नामदेवराय सांगतात. ज्ञानियांच्या गुरूला रडू आले, तर आपल्या गावच्या आईने डोळे पुसत बसावे यात नवल ते काय! जो म्हणतो 'वारकऱ्याने रडू नये', त्याने ते प्रकरण एकदा उघडून वाचावे.

म्हणून त्या माउलीला आमचे उत्तर असे की, बाई, पाप लागत नाही. तुझा टाळ तक्रारीचा आहे, तो वाजव. भजनात गप्प बसलीस तरी बस, पण बसण्याची जागा सोडू नकोस.

दुसरे पाऊल : हरवले-सापडले

काय हरवले त्याचे नाव घेतल्यावाचून मन हलके होत नाही. अनेक घरांत गेलेल्या माणसाचे नावच कोणी काढीत नाही. न जाणो, आईला रडू येईल! फोटो आत ठेवून दिला, त्याची सायकल विकून टाकली. पण आई मनात रडतेच आहे, आणि आता ती एकटी रडते. त्यापेक्षा त्याचे नाव घ्यावे. तो भाकरी कशी खायचा, मृदंगावर थाप कशी द्यायचा, हे मुलाबाळांना सांगावे.

ज्यांना शेवटचे तोंड पाहता आले नाही, खांदा देता आला नाही, त्यांच्या मनात एक काम अपुरे राहिले आहे. ते पुरे करण्याची सोय आपल्याकडे आहे. त्याच्या तिथीला घरी हरिपाठ ठेवावा, जमल्यास कीर्तन ठेवावे. त्या दिवशी जे लोक साथीमुळे येऊ शकले नाहीत, त्यांनी आता यावे. वर्षे लोटली म्हणून उशीर झाला असे मानू नये. खर्चाचे अन्नदान नको, गूळपाणी पुरे. माणसे आली पाहिजेत.

आणि सापडले काय, तेही पुकारावे. २०२० साली मंदिर बंद असताना मंदिरातील वीणा मात्र बंद नव्हती. त्या आषाढीच्या शासकीय पूजेला मानाचा वारकरी कोठून आणायचा? मंदिरातच वीणेची सेवा करणाऱ्या वारकऱ्यांतून एकाची निवड झाली. म्हणजे आपण सारे घरी बसलो, पण वीणा उभी होती. त्या दिवसांत किती घरांत प्रथमच बाप आणि लेक एकत्र हरिपाठाला बसले! कोणी शेजाऱ्याच्या दारात भाकरी ठेवली, कोणी परक्याचे प्रेत उचलले. हेही खरेच घडले आहे. मात्र क्रम चुकवू नये. तक्रार ऐकण्याआधीच 'पण चांगलंही झालं बरं का' असे दुःखिताला सांगणे हा निर्दयपणा होय.

तिसरे पाऊल : उद्याची वेळ

समाजआरतीत चोपदार पंढरीला केव्हा पोहोचायचे ते सांगत नाहीत. उद्या पहाटे किती वाजता निघायचे एवढेच सांगतात. खचलेल्या मनाला सगळा रस्ता दाखवू नये. उद्याचे पाऊल दाखवावे.

श्रीतुकोबारायांचे चरित्र याच नजरेने पाहावे. इ. स. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. त्यात तुकोबांचा व्यापार बुडाला, अब्रू गेली, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. आपल्याला लाज वाटली, जिवाला त्रास झाला, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात स्वतःच सांगितले आहे. पुढे ते काय करते झाले? घराण्यातले विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते त्यांनी दुरुस्त करावयास घेतले. म्हणजे आधी हाताला काम लावले. मग एकादशीचे कीर्तन सुरू केले. पण लगेच अभंग रचले नाहीत. आधीच्या संतांची वचने पाठ केली. दुसरे कीर्तन करीत असता मागे उभे राहून ध्रुपद धरले. आणि लोकांकडील येण्याच्या खतपत्रांपैकी आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली, अशी कथा आहे.

यात आपल्या कामाचे किती आहे पाहा. मन चालत नसेल तर हात चालवावेत : अंगण झाडावे, तुळशीला पाणी घालावे, मंदिराची ओटी सारवावी. पुढे उभे राहून गाणे जमत नसेल तर मागे ध्रुपद धरावे. दुसऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळला की श्वास आपोआप लांब होतो आणि छातीवरचे ओझे थोडे उतरते. उठण्याची आणि निजण्याची वेळ एक धरावी. काकडा आणि हरिपाठ हे दिवसाचे दोन खुंटे आहेत. त्यांना दिवस बांधला की तो भरकटत नाही. गर्दीची भीती वाटत असेल तर एकदम सप्ताहात जाऊ नये. आधी पाच जणांचे भजन, मग गावची एकादशी, मग वारी. आणि कोणाचे देणे या साथीत थकले असेल, तर ज्याला शक्य आहे त्याने थोडे सोसावे, तुकोबांची आठवण ठेवावी.

वैद्याचे काम वैद्याकडे

येथे एक गोष्ट रोखठोक सांगितली पाहिजे. पायाला जखम झालेला वारकरी वाटेवरच्या दवाखान्यात मलमपट्टी करून घेतो. तेव्हा 'तुझा विठ्ठलावर विश्वास नाही' असे त्याला कोणी म्हणत नाही. मनाच्या जखमेलाही हाच न्याय लावावा. दोन आठवडे होऊन गेले तरी झोप नाही, भूक नाही, कशातच जीव रमत नाही, रोजचे काम होत नाही, असे असेल तर डॉक्टरांना दाखवावे. बीडच्या जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनाच्या आजारावर उपचार होतात. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करावा. पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.

कोणी 'आता जगण्यात अर्थ नाही' असे बोलू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये; घरातील फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत, त्याच्याजवळ बसावे आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. आधी बरे होऊ द्यावे, उपदेश मागाहून.

चोपदार कोणी व्हायचे?

टाळ वाजवणारे पुष्कळ आहेत. ऐकावयास जाणारे चोपदार कोठे आहेत? आपण सर्वांनीच व्हावयाचे आहे. चोपदार तक्रार करणाऱ्या दिंडीवर रागावत नाहीत, 'बाकीचे गप्प आहेत, तुम्हालाच काय झाले?' असे विचारत नाहीत. ते चालत तिच्यापर्यंत जातात. तिला आपल्याकडे बोलावीत नाहीत. हा फरक ध्यानात धरावा.

तेव्हा या महिन्याचा नेम असा. प्रत्येक भजनी मंडळाने आपल्या गावातील जे माणूस साथीनंतर भजनाला येईनासे झाले, त्याची आठवण काढावी. येत्या एकादशीला दोघांनी त्याच्या घरी जावे. सप्ताहाची वर्गणी मागावयास नव्हे, आणि 'का येत नाहीस?' असा जाब विचारावयास तर नव्हेच. बसावे, चहा घ्यावा, विचारावे, "कसं चाललंय?" आणि मग आपण गप्प राहावे. तो बोलला तर ऐकावे; न बोलला तर हरिपाठ म्हणून उठावे आणि पुढच्या एकादशीला पुन्हा जावे.

असो. त्या माउलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. दुसऱ्या वर्षी त्याच चौकात ती आम्हांस पुन्हा भेटली. तुळस डोक्यावर होती. आम्ही विचारले, "माउली, तोंड चाललं का?"

म्हणाली, "अभंग नाही येत अजून. ध्रुपद धरते मागून."

"आणि रुसवा? गेला का?"

"कुठला जातोय! पर आता त्याच्या तोंडावर सांगते. ऐकतो बिचारा, कमरेवर हात ठेवून."

एवढे बोलून ती दिंडीत शिरली. केजच्या रस्त्याकडे तिने एकदा पाहिले, हात जोडले आणि चौसाळ्याच्या वाटेला लागली. आम्हीही तिच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले.

पुंडलीकवरदा हरि विठ्ठल!